परदेशातले लष्करी तळ म्हणजे साम्राज्यवादच का? करार वाचून उत्तर कसं काढायचं

प्रश्न नेहमी असा येतो: अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, रशिया आणि आता चीन यांचे परक्या भूमीवरचे तळ आणि त्या तळांच्या जोरावर केलेले हस्तक्षेप, याला आजचा साम्राज्यवाद म्हणायचं की नाही? थोडक्यात उत्तर द्यायचं तर काही तळांना बेधडक म्हणावं, काहींना अजिबात म्हणू नये, आणि मधला जो मोठा पट्टा उरतो त्याबद्दल करार काढून वाचल्याशिवाय बोलू नये.

तळांची संख्या मोजणं हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात निरुपयोगी मार्ग. अमेरिकेचे ८०च्या आसपास देशांत मिळून सुमारे ७५० तळ आहेत, असा आकडा कायम फिरत असतो. त्यात जपानच्या ओकिनावातला कादेनासारखा अवाढव्य हवाई तळही एक धरला जातो आणि एखाद्या बंदराशेजारचं इंधनाचं कोठारही एकच. त्या कुंपणाच्या आत शेवटचा शब्द कुणाचा चालतो, हे आकड्यातून कळत नाही.

मराठी वाचकाकडे यासाठी घरचीच मोजपट्टी आहे: तैनाती फौज. ३१ डिसेंबर १८०२च्या वसईच्या तहात दुसऱ्या बाजीरावाने काय मान्य केलं ते कलमवार पाहा. कंपनीचं किमान ६,००० पायदळ, सोबत तोफखाना, पेशव्यांच्या मुलखात कायमचं राहणार. खर्चापोटी वर्षाला २६ लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख कंपनीला तोडून द्यायचा. इंग्रजांशी शत्रुत्व असलेल्या युरोपियांना चाकरीत ठेवायचं नाही. निजाम आणि गायकवाड यांच्याशी असलेले तंटे कंपनीच्या लवादापुढे न्यायचे. गादीवर पेशवाच होता आणि तह त्याने स्वतःच्या सहीने केला होता. कंपनीचे वकीलही हेच म्हणत की आम्ही बोलावल्यावरून आलो.

या तहातूनच आजचा कुठलाही तळ-करार तपासायचे प्रश्न निघतात. मुदत किती, आणि करार एकतर्फी कोण मोडू शकतो? परक्या सैनिकाने गुन्हा केला तर खटला कुणाच्या कोर्टात? तळावरून तिसऱ्या देशावर हल्ला करायचा झाला तर यजमानाला विचारायचं, नुसतं कळवायचं, की तेही नाही? पैसा कुठून कुठे जातो? आणि जमीन घेताना तिथल्या लोकांना कुणी विचारलं होतं का; करारावर सही करणारं सरकार तेव्हा सही नाकारण्याच्या स्थितीत तरी होतं का? यातला पहिला आणि शेवटचा प्रश्न सर्वांत वजनदार. पैशाचा सर्वांत फसवा. आफ्रिकेतल्या जिबूतीला कॅम्प लेमोनिए या तळासाठी अमेरिकेकडून वर्षाला सुमारे ६.३ कोटी डॉलर भाडं मिळतं. पोलंडने उलट २०१८मध्ये अमेरिकेचा कायमचा तळ आपल्याकडे यावा म्हणून २ अब्ज डॉलरपर्यंत खर्च उचलायची तयारी दाखवली. दोन्ही देश राजीखुशीने उभे आहेत. पैशाच्या दिशेवरून गुलामी ठरत नाही.

मुदतीच्या प्रश्नाचं क्रमिक पुस्तकात घालावं असं उदाहरण म्हणजे ग्वांतानामो. १९०१मध्ये अमेरिकेने क्यूबाच्या राज्यघटनेत प्लॅट दुरुस्ती (अमेरिकेला तिथे हस्तक्षेप करू देणारी आणि तळासाठी जमीन द्यायला लावणारी कलमं) घालायला लावली. ती मान्य झाल्याशिवाय अमेरिकी फौज बेटावरून हलणार नव्हती. त्याच दुरुस्तीच्या आधारे १९०३मध्ये सुमारे ११७ चौरस किलोमीटरचा भाडेपट्टा झाला. 'अंतिम सार्वभौमत्व' क्यूबाचं, 'संपूर्ण अधिकार आणि नियंत्रण' अमेरिकेचं, अशी त्यातली वाटणी. १९३४च्या तहाने प्लॅट दुरुस्ती गेली, पण पट्ट्याबद्दल नवं कलम आलं: दोघांनी मिळून ठरवलं तर, किंवा अमेरिकेने तळ सोडून दिला तरच तो संपेल. म्हणजे क्यूबाला तो एकट्याने कधीच मोडता येत नाही. वार्षिक भाडं ४,०८५ डॉलर. क्रांतीनंतर एक धनादेश वटवला गेला, पुढचे क्यूबाने घेऊन तसेच ठेवून दिले. इथे 'संमती आहे ना' हा युक्तिवाद टिकत नाही, कारण संमती फौज बसवून घेतलेली आणि परत घेता न येणारी आहे. याला साम्राज्यवाद म्हणायला कचरण्याचं कारण नाही.

शेवटच्या प्रश्नासाठी हिंदी महासागरात यावं लागतं. कन्याकुमारीपासून सुमारे १,८०० किलोमीटरवर चागोस द्वीपसमूहातलं दिएगो गार्सिया बेट आहे. चागोस द्वीपसमूह ब्रिटिश अमदानीत मॉरिशसचाच भाग म्हणून चालवला जात होता. १९६५च्या सप्टेंबरमध्ये लंडनच्या लँकेस्टर हाउसमध्ये मॉरिशसच्या स्वातंत्र्याची बोलणी चालू होती. २३ सप्टेंबरला पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन मॉरिशसचे नेते शिवसागर रामगुलाम यांना स्वतंत्रपणे भेटणार होते. आदल्या दिवशी विल्सन यांच्या सचिवाने त्यांच्यासाठी टिपण केलं. त्याचा आशय असा: रामगुलामांना आशेने घाबरवायचं; स्वातंत्र्य मिळेल ही आशा, आणि चागोसच्या बाबतीत शहाणपणा दाखवला नाही तर ते मिळणार नाही ही भीती. दुसऱ्या दिवशी 'संमती' मिळाली. ८ नोव्हेंबरला चागोस वेगळं काढून नवी ब्रिटिश वसाहत जाहीर झाली, आणि मॉरिशसला ३० लाख पौंड देण्यात आले. वसाहती मोडीत निघत असताना एक नवी कोरी वसाहत तयार झाली, ती केवळ तळासाठी. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने १६ डिसेंबर १९६५ला मॉरिशसचे तुकडे करू नका असा ठराव केला, तोवर काम झालं होतं.

३० डिसेंबर १९६६च्या पत्रव्यवहाराने बेट अमेरिकेला ५० वर्षांसाठी, वर २० वर्षांच्या वाढीव मुदतीसह, वापरायला मिळालं. उघड कागदात भाडं नव्हतं. गुप्त बाजूला मात्र ब्रिटनने अमेरिकेला पोलारिस क्षेपणास्त्रांपोटी द्यायच्या रकमेतून १.४ कोटी डॉलरपर्यंत सूट घेतली, म्हणजे अमेरिकी काँग्रेसकडे वेगळी मंजुरी मागायलाच नको. करार वाचताना पुरवण्या आणि सोबतची पत्रं आधी मागायची, ती यासाठी. जपानमध्येही हेच: 'विशेष महत्त्वाचे' नसतील ते गुन्हे आम्ही चालवणार नाही, अशी समजूत जपानने १९५३मध्ये दिली होती आणि ती कागदोपत्री बाहेर यायला अनेक दशकं गेली.

दिएगो गार्सियावर नारळाच्या बागांत पिढ्यान्‌पिढ्या राहणारी माणसं होती. पूर्ण द्वीपसमूहातून १९६८ ते १९७३ या काळात सुमारे १,५०० ते २,००० लोक हलवण्यात आले. रहिवासी आहेत असं मान्य केलं तर संयुक्त राष्ट्रांच्या सनदेखालची जबाबदारी अंगावर येते, म्हणून कागदावर त्यांना 'कंत्राटी मजूर' केलं. १९७१मध्ये हुकूम काढून परवान्याशिवाय बेटावर राहणं बेकायदा ठरवलं. लोकांची पाळीव कुत्री खोबरं वाळवायच्या शेडमध्ये कोंडून, लष्करी गाड्यांचा धूर आत सोडून मारली. मग माणसं जहाजात भरली आणि मॉरिशस, सेशेल्सच्या धक्क्यावर उतरवली. इथे तैनाती फौजेशी तुलना तोकडी पडते. वसईच्या तहाने निदान पुणं रिकामं केलं नव्हतं.

आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २५ फेब्रुवारी २०१९ला १३ विरुद्ध १ मतांनी सल्लागार मत दिलं: १९६५ची तोडणी लोकांच्या मुक्त आणि खऱ्या इच्छेवर आधारलेली नव्हती, मॉरिशसचं निर्वसाहतीकरण अपुरं राहिलं, ब्रिटनने शक्य तितक्या लवकर ताबा सोडावा. २२ मे २०१९ला महासभेत ११६ देश बाजूने आणि फक्त ६ विरोधात. भारत ११६मध्ये होता. त्यानंतर बरोबर ६ वर्षांनी, २२ मे २०२५ला, ब्रिटन आणि मॉरिशस यांनी करारावर सह्या केल्या. सार्वभौमत्व मॉरिशसचं, दिएगो गार्सियाचा वापर ९९ वर्षं ब्रिटनकडे, त्यापोटी सरासरी वर्षाला १०.१ कोटी पौंड.

हा करार आपल्या प्रश्नांपुढे धरून बघा. मॉरिशसला तो मोडायला दोनच कारणं दिली आहेत: पैसे थकले, किंवा ब्रिटनकडून वा त्या तळावरून खुद्द मॉरिशसवर सशस्त्र हल्ला झाला अथवा त्याची धमकी दिली गेली. तळावरून तिसऱ्या देशावर थेट हल्ला झाला तर ब्रिटनने मॉरिशसला 'तत्परतेने कळवायचं' आहे, विचारायचं नाही. विस्थापितांना इतर बेटांवर वसवायची मोकळीक मॉरिशसला आहे, दिएगो गार्सियावर नाही. कागदावर भाडं आलं, झेंडा बदलला, कुंपण जिथल्या तिथे. पूर्वीपेक्षा हे निश्चित सुधारलेलं आहे. १९६५ची सही वसाहतीच्या पुढाऱ्याची होती, २०२५ची स्वतंत्र सरकारची आहे. पण ज्यांना उचलून नेलं त्या चागोसवासीयांना वाटाघाटीच्या टेबलावर याही वेळी खुर्ची नव्हती.

आता उलट बाजू, कारण तिच्याशिवाय उत्तर लबाडीचं होईल. फिलिपीन्सचा १९४७चा तळ-करार ९९ वर्षांचाच होता (हा आकडा तळांच्या आणि बंदरांच्या धंद्यात वारंवार भेटतो). १९६६मध्ये मुदत कमी करून २५ वर्षांवर आणली गेली, म्हणजे १९९१. हुकूमशहा मार्कोसनंतरच्या १९८७च्या राज्यघटनेने अट घातली की सिनेटच्या मान्यतेच्या तहाशिवाय परकी फौज नको. १६ सप्टेंबर १९९१ला सिनेटने मुदतवाढीचा तह १२ विरुद्ध ११ मतांनी फेटाळला. पिनातुबो ज्वालामुखीने क्लार्क हवाई तळ आधीच राखेखाली गाडला होता. सुबिक बंदरातून २४ नोव्हेंबर १९९२ला अमेरिकी नौदल निघून गेलं. उझबेकिस्तानने २००५मध्ये जा म्हटलं, इक्वादोरने २००९मध्ये मांताच्या तळाचा करार वाढवला नाही, किर्गिझस्तानने २०१४मध्ये मानसचा तळ बंद करायला लावला, नायजरने २०२४मध्ये अगादेझचा तळ रिकामा करून घेतला. या सगळ्या ठिकाणी महासत्ता कुरकुरत का होईना, गेली. यातला एकही देश बलाढ्य नाही. साम्राज्याला असं 'निघ' म्हणता येत नाही, आणि म्हटलंच तर काय होतं ते १८१७च्या नोव्हेंबरात खडकीला दिसलं.

फिलिपीन्सची गोष्ट मात्र तिथे संपत नाही. २०१४मध्ये नवा सहकार्य करार आला. त्यात कायमचा तळ नाही, भाडं नाही, इमारतींची मालकी फिलिपीन्सची, फौज 'आलटून पालटून' येणार. ठिकाणं आधी ५, २०२३पासून ९. तो तह न म्हणता कार्यकारी करार म्हटला, त्यामुळे सिनेटकडे न्यायची गरज पडली नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१६मध्ये ते ग्राह्य धरलं. 'आलटून पालटून' या शब्दांवर कायम लक्ष ठेवावं. तुकडी सहा महिन्यांनी बदलते, पण गोदाम, धावपट्टी आणि दारूगोळा जागेवरच राहतो. तरीही पहिल्या दहा वर्षांनंतर कोणीही एक वर्षाची नोटीस देऊन हा करार संपवू शकतो, आणि हे कलम ग्वांतानामोपेक्षा फारच वेगळ्या जातीचं आहे.

जपानचं उत्तर एका वाक्यात बसत नाही. १९६०च्या सुरक्षा तहात दहा वर्षांनंतर कोणत्याही बाजूने वर्षभराची नोटीस द्यायची सोय आहे, म्हणजे टोकियोच्या दृष्टीने दार उघडं आहे. ओकिनावाचं तसं नाही. १९७२पर्यंत ते बेट थेट अमेरिकी अंमलाखाली होतं आणि जमिनी त्या काळात घेतल्या गेल्या. जपानच्या ०.६ टक्के भूमीवर अमेरिकेच्या खास वापरातल्या तळ-क्षेत्राचा सुमारे ७० टक्के भार आहे. फेब्रुवारी २०१९च्या सार्वमतात हेनोको इथे नव्या तळासाठी समुद्रात घालायच्या भरावाविरुद्ध ७२ टक्के मतं पडली, काम चालूच राहिलं. इथे ओकिनावावर दोन राजधान्यांचा भार पडतो आणि त्यातली जवळची टोकियो आहे.

खटल्यांचं कलमही इथेच नीट समजतं. फौजांच्या दर्जाविषयीच्या कराराच्या १७व्या कलमानुसार कामावर असताना घडलेल्या गुन्ह्यात पहिला अधिकार अमेरिकेचा, इतर गुन्ह्यांत जपानचा. ऐकायला रास्त आहे. अडतं ते पुढे. 'कामावर होता' हे प्रमाणपत्र त्याचाच कमांडर देतो. आरोपी तळात असेल तर आरोपपत्र दाखल होईपर्यंत ताबा अमेरिकेकडे, आणि आरोपी हाती नसताना पुरावा उभा करायचा जपानी पोलिसांनी. सप्टेंबर १९९५मध्ये तिघा अमेरिकी सैनिकांनी १२ वर्षांच्या मुलीवर बलात्कार केला तेव्हा हेच झालं आणि बेट रस्त्यावर उतरलं. त्यानंतर खून आणि बलात्कार यांत आधी ताबा देण्याबाबत 'सहानुभूतीने विचार' करू असं ठरलं. कलमाचा शब्द बदलला नाही. असा करार वाचताना तीन गोष्टी शोधायच्या: कामाची व्याख्या कोण ठरवतं, आरोपपत्राआधी ताबा कुणाकडे, आणि खाजगी कंत्राटदार यात धरले आहेत का.

कंत्राटदारांवरून थेट हस्तक्षेपांकडे येता येतं. हस्तक्षेपाला साम्राज्यवाद म्हणायचं का हे ठरवताना लोक युद्धाच्या कारणावर भांडत बसतात. कब्जा मिळाल्यावर कोणते कायदे बदलले ते पाहणं जास्त उपयोगी. १९०७च्या हेग नियमांचं ४३वं कलम सांगतं की कब्जा करणाऱ्याने, अगदी अशक्य नसेल तर, देशातले कायदे तसेच ठेवावेत. इराकमध्ये अमेरिकेने नेमलेल्या पॉल ब्रेमर यांच्या कब्जा-प्रशासनाने सप्टेंबर २००३मध्ये ३९ क्रमांकाचा हुकूम काढला: तेलासारखी नैसर्गिक संपत्ती वगळून बहुतेक क्षेत्रांत १०० टक्के परकी मालकीला परवानगी, नफा बाहेर न्यायला मोकळीक. १७ क्रमांकाच्या हुकुमाने परकी कंत्राटदारांना इराकी कोर्टांपासून संरक्षण दिलं. १६ सप्टेंबर २००७ला बगदादच्या निसूर चौकात ब्लॅकवॉटर या खाजगी अमेरिकी सुरक्षा कंपनीच्या रक्षकांनी १७ इराकी मारले आणि इराकी न्यायालय त्यांना हात लावू शकलं नाही. अमेरिकेत खटला चालला, २०१४मध्ये ते दोषी ठरले, २०२०च्या डिसेंबरमध्ये राष्ट्राध्यक्षांनी माफी दिली. सुरक्षेशी काडीचा संबंध नसलेला मालकी हक्काचा कायदा कब्जा करणारा बदलतो, तेव्हा त्याला साम्राज्यवाद म्हणायला दुसरा पुरावा कशाला हवा?

याच इराकने २००८च्या करारात कंत्राटदारांचं संरक्षण काढून घेतलं, आणि सैनिकांच्या संरक्षणावर बोलणी फिसकटल्यावर २०११अखेर अमेरिकी फौज बाहेर पडली. जानेवारी २०२०मध्ये मात्र संसदेने परकी फौज घालवण्याचा (बंधनकारक नसलेला) ठराव केला तेव्हा वॉशिंग्टनने निर्बंधांची धमकी दिली आणि फौज राहिली. एकाच देशात बारा वर्षांत पहिल्या प्रश्नाची दोन उत्तरं मिळाली. म्हणून करार एकदा वाचून बाजूला ठेवता येत नाही.

हा सगळा अमेरिकेचाच गुन्हा आहे असं मानणाऱ्यांनी सेवास्तोपोल विसरू नये. रशियाच्या काळ्या समुद्रातल्या नौदलाचा पट्टा एप्रिल २०१०मध्ये युक्रेनला गॅसच्या दरात सूट देऊन २०४२पर्यंत वाढवून घेतला होता. यजमान राजी, भाडं ठरलेलं, मुदत लिहिलेली. २०१४मध्ये त्याच तळांच्या आधाराने क्रिमिया गिळला गेला, आणि मग जमीनच आपली झाल्याने मॉस्कोने ते करार स्वतःच रद्द केले. चांगला वाचला जाणारा करारही एवढंच सांगतो की कागदावर काय आहे.

भारताचं काय, हे विचारणं भाग आहे. २९ ऑगस्ट २०१६ला वॉशिंग्टनमध्ये संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर आणि अमेरिकेचे संरक्षणमंत्री ॲश कार्टर यांनी रसद-देवाणघेवाणीच्या करारावर सही केली तेव्हा 'गोव्यात, मुंबईत अमेरिकी तळ येणार' अशी हाकाटी झाली. त्या करारात तळ नाही. इंधन, दुरुस्ती, रसद पैसे मोजून परस्परांना द्यायची, आणि सराव, बंदरभेटी, आपत्तीतली मदत अशा ठरलेल्या बाबी सोडल्या तर प्रत्येक वेळी वेगळी परवानगी. मालदीवने आमचे वैमानिक आणि तंत्रज्ञ सैनिक नकोत म्हटलं तेव्हा भारताने मे २०२४पर्यंत ते काढून बिगरलष्करी माणसं ठेवली. श्रीलंकेतून शांतिसेना निघायला मात्र तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी १९८९च्या जूनमध्ये सांगितल्यापासून मार्च १९९० उजाडला. आणि मॉरिशसच्याच अगालेगा बेटावर भारताच्या पैशाने सुमारे ३,००० मीटरची धावपट्टी आणि जेट्टी २९ फेब्रुवारी २०२४ला सुरू झाली. हा लष्करी तळ नाही असं मॉरिशस सरकार सांगतं, कराराच्या गोपनीयतेवरून तिथले विरोधक प्रश्न विचारतात, आणि बेटावरची काही शे माणसं दिएगो गार्सियाचं उदाहरण देतात. त्यांना कुणी हलवलेलं नाही, त्यामुळे ती तुलना आज लागू होत नाही. पण अगालेगाच्या करारात मुदत किती, धावपट्टीवर कुणाची विमानं कुणाच्या परवानगीने उतरणार आणि करार मॉरिशसला एकट्याने मोडता येतो का, हे प्रश्न दिल्लीला विचारायचा मराठी वाचकाला तितकाच हक्क आहे जितका लंडनला विचारायचा.